आडव्या मुलखातली उभी रेघ

प्रेअरीचं, म्हणजे सपाट गवताळ मुलखाचं, निसर्गचित्र काढायला बसलं की क्षितिज आयतं मिळतं. एक आडवी रेघ ओढली की निम्मं काम झालं. माणूस अडतो तो पुढे: या रेघेवर उभं काय करायचं? कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातून ट्रान्स-कॅनडा हायवे सुमारे ६५० किलोमीटर जातो. त्याला इथे नुसतं 'नंबर वन' म्हणतात. या मुलखात गेल्या नव्वदेक वर्षांत ज्यांनी रंगवलं, त्यांची चित्रं ओळीनं लावून पाहिली तर या एकाच प्रश्नाची बदलत गेलेली उत्तरं सापडतात.

मी याच प्रांतातल्या रिजायना शहरात राहायला आलो तेव्हा हाताला पुण्याचं वळण होतं. नदीचा घाट, देऊळ, पुढे एखादं झाड, मागे डोंगर. इथे पुढेही काही नाही आणि मागेही काही नाही. वर हा वारा. रंग पसरायच्या आत कागद कोरडा होतो, त्यामुळे ओल्यावर ओलं काम करायची आपली सगळी हातचलाखी फुकट जाते. हिवाळ्यात गाडीचा हीटर लावून, स्टिअरिंगला बोर्ड टेकवून काढायचं. तरी काचेवर वाफ धरायची ती धरतेच.

पहिलं उत्तर रेल्वेनं देऊन ठेवलं होतं. कॅनेडियन पॅसिफिकचे रूळ १८८२ मध्ये रिजायनापर्यंत पोचले. मग रुळांच्या कडेनं दर आठ-दहा मैलांवर गाव वसलं आणि गावागणिक धान्य साठवायची उंच एलिव्हेटरं उभी राहिली. अंतर घोडागाडीच्या हिशोबानं ठरलेलं: शेतकऱ्यानं गहू घालून दिवस मावळायच्या आत घरी परतावं. आडव्या फळ्या एकीवर एक रचून खिळ्यांनी ठोकलेल्या भिंती आणि बऱ्याच ठिकाणी गेरूच्या जातीचा रंग. १९३०च्या दशकात प्रेअरीच्या तीन प्रांतांत मिळून अशी ५,७०० हून जास्त एलिव्हेटरं होती. लंडनहून १९२३ मध्ये आलेल्या रॉबर्ट हर्ली यांच्या जलरंगांत ती भेटतात. क्षितिज पार कागदाच्या तळाशी, वर आकाशच आकाश, दूर जाताना बारीक होत गेलेले तारेचे खांब आणि टोकाला एलिव्हेटर. ही मांडणी इतकी चपखल निघाली की पुढच्या कॅलेंडरवाल्यांनी पिळून पिळून तिचा चोथा केला. त्यात हर्लींचा काय दोष!

पक्का हायवे त्यानंतरचा. त्याचा कायदा १९४९ चा. सस्कॅचेवाननं आपला तुकडा १९५७ मध्ये, सगळ्या प्रांतांच्या आधी पुरा केला. डोंगर नसल्याचा एवढा तरी फायदा. देशभराच्या रस्त्याचं उद्घाटन १९६२ मध्ये पश्चिमेच्या डोंगरातल्या रॉजर्स पास या खिंडीत झालं. त्याच उन्हाळ्यात प्रांताच्या उत्तरेला एमा लेकच्या चित्रकार-शिबिरात न्यूयॉर्कचे समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग आले. अमूर्त चित्रकलेचे ते मोठे वकील. आदल्याच वर्षी रिजायनाच्या पाच अमूर्त चित्रकारांचं प्रदर्शन ओटावाच्या नॅशनल गॅलरीनं भरवलं होतं. अशा हवेत झाडं-गवत रंगवणारा मागासच ठरायचा. आणि याच ग्रीनबर्गनी इथल्या चित्रकार डोरोथी नोल्स यांना निसर्गचित्रं सोडू नका, असं सांगितलं!

नोल्स जीवशास्त्र शिकलेल्या होत्या, आणि ते त्यांच्या चित्रांत दिसतं. रंग जलरंगासारखा पातळ करायचा आणि खालची कोळशाची रेघ झाकायची नाही. झुडपं, पाणथळी, गवताचे पोत असं त्या काढत गेल्या. उभ्या रेघेवाचून त्यांचं काही अडलं नाही. गवतात उतरून पाहिलं की प्रेअरी सपाट राहतच नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. २०२३ मध्ये त्या गेल्या. माझ्या लेखी या सगळ्यांत त्याच अव्वल.

चित्रकार डेव्हिड थॉबर्गर यांनी उलट केलं. १९७०च्या दशकापासून त्यांनी इमारतीच समोर उभ्या केल्या: गावचे हॉल, दुकानं, एलिव्हेटरं; अगदी सरळ समोरून, सपाट, झगझगीत रंगांत. पाटी रंगवणाऱ्याच्या हाताला त्यांनी कलादालनात मान मिळवून दिला. आणि 'रिकामी प्रेअरी' या कल्पनेलाच उत्तर दिलं ते ॲलन सॅप यांनी. ते काही नंबर वनवरचे नव्हेत. उत्तरेकडच्या रेड फेझंट या राखीव वस्तीतले क्री मूलनिवासी चित्रकार. आधी ते खपतील म्हणून डोंगर आणि प्राणी काढत. १९६६ मध्ये एका डॉक्टरांची गाठ पडली आणि त्यांच्या आग्रहानं सॅप आठवणीतली वस्ती रंगवू लागले: बर्फातल्या घसरगाड्या, लाकडाची घरं, कामाला लागलेली माणसं. ज्या जमिनीला बाकीचे रिकामी म्हणत होते तिथे त्यांच्या चित्रांत गर्दी आहे.

या काळात रंगपेटीही बदलली. जुलैत हायवेच्या दोन्ही अंगांना कॅनोला फुलतो. मोहरीचाच भाऊबंद, पण ही पिकाची जात १९७०च्या दशकात सस्कॅचेवान आणि मॅनिटोबातल्या संशोधकांनी तयार केली. हर्लींच्या काळी हा पिवळा इथे एवढा पसरलेला नव्हता. काढायला तो महाकठीण आहे. लेमन यलो सपाट लावला तर पोस्टर होतं. ढगाची सावली दाखवायला निळा मिसळला की हिरवा होतो आणि शेत कापून नेल्यासारखं दिसतं. शेवटी जरासा जांभळट करडा, तोही पिवळा पूर्ण वाळल्यावर, एका हातात ओढायचा. दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की चिखल. जवसाची निळी फुलं त्याहून लबाड: सकाळी शेत तळ्यासारखं निळं, दुपारी पाकळ्या गळून हिरवं.

१९९५ मध्ये धान्याच्या रेल्वेवाहतुकीचं सरकारी अनुदान बंद झालं. फाट्यांवरचे रूळ उखडले गेले, लाकडी एलिव्हेटरं धडाधड पाडली गेली. त्यांच्या जागी दूर दूर मोजकी काँक्रीटची टर्मिनलं आली, शंभर डब्यांची गाडी भरून देणारी. गल लेक गावाजवळ २००१ मध्ये पवनचक्क्या उभ्या राहिल्या. मूस जॉ गावात १९८४ पासून मॅक नावाचा काँक्रीटचा भलाथोरला मूस, म्हणजे उत्तरेकडचं थोराड हरीण, उभा आहेच. नॉर्वेनं त्याहून उंच मूस उभा केल्यावर गाव इरेला पेटलं आणि २०१९ मध्ये त्याला मोठी शिंगं बसवून मोकळं झालं. मला हे सगळं रंगवायला आवडतं, टर्मिनल तर फारच. त्या गोल भिंतीवरून संध्याकाळचा उजेड सरकत जातो तो लाकडावर कधी दिसला नव्हता. गिऱ्हाईक मात्र चित्रं चाळून चाळून विचारतं, लाल एलिव्हेटर नाही का एखादं? आहे की, म्हणतो मी, जुनं आहे. तेच बांधून द्या, म्हणतात.