एक बादली, एक वाकडा पाइप

काचेच्या टाकीच्या वर, भिंतीत पक्क्या बसवलेल्या फळीवर वीस लिटरची प्लॅस्टिकची बादली. खालचा छोटा पंप तिच्यात सावकाश पाणी चढवत असतो. दोनेक मिनिटं काहीच घडत नाही. मग बादलीतल्या पाइपात गुरगुर सुरू होते आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळं पाणी खालच्या टाकीत कोसळतं. मासे एका अंगाला लोटले जातात, मऊ प्रवाळ आडवे होतात, खडकांच्या फटीत बसलेला गाळ वर येतो. पाइप शेवटचा हवेचा घोट ओढून गप्प होतो. पंप भरतच असतो.

खाऱ्या पाण्याची टाकी पाळणाऱ्यांत हे यंत्र ‘कार्लसन सर्ज’ म्हणून ओळखलं जातं. ब्रूस कार्लसन हे होनोलुलूच्या वायकिकी मत्स्यालयाचे संचालक होते. 1904 साली उघडलेलं हे मत्स्यालय जिवंत प्रवाळ पाळण्यात जगात अग्रेसर होतं, आणि समुद्र तर दारातच. तिथली युक्ती 1990च्या दशकात घरोघरच्या हौशी मंडळींनी उचलली, कारण लागणारं सामान कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळत होतं.

एवढा खटाटोप कशासाठी? प्रवाळ जागचा हलत नाही. त्याचं खाणं आणि प्राणवायू पाण्याने आणून द्यायचा, मळ पाण्यानेच न्यायचा. पाणी संथ असेल तर प्रवाळाच्या अंगालगत स्थिर पाण्याचा पातळ थर साचतो आणि ही देवाणघेवाण मंदावते. साधा पॉवरहेड पंप एकाच दिशेला अरुंद झोत मारतो: समोरचा प्रवाळ सोलून निघतो, कोपऱ्यातला उपाशी राहतो. खऱ्या खडकावर पाणी असं वागत नाही. तिथे सगळं पाणी एकदम येतं आणि एकदम मागे फिरतं. बादलीचं मोठेपण इथे आहे. लहान पंपाने दोन मिनिटं जमवलेलं पाणी ती एका दमात सोडते. विजेचं बिल तेवढंच.

तत्त्व आपल्याकडे पितळेत ओतलेलं आहे. वासुदेव प्याल्यात पाणी ओतत जावं. बाळकृष्णाच्या पायाला ते टेकलं की यमुना ओसरावी तसा प्याला आपोआप रिकामा होतो. मूर्तीच्या पोटात लपलेली असते ती वक्रनलिका. सार्वजनिक मुताऱ्यांवरची आपोआप वाहणारी फ्लशची टाकीही याच जातीची. बादलीत फरक इतकाच की पाइप उघडाच दिसतो: उलटा यू, त्याची आखूड बाजू बादलीच्या तळाजवळ, लांब बाजू तळातल्या टँक निपलमधून खाली टाकीत. पाणी वळणाच्या वर गेलं की वक्रनलिका चालू होते. पातळी आखूड बाजूच्या तोंडाखाली गेली की हवा शिरते आणि धार तुटते. एकही हलता भाग नाही, म्हणून झिजायलाही काही नाही.

गोम आहे ती मापांत. ताशी 600 लिटरचा पंप वीस लिटरची बादली दोन मिनिटांत भरतो. दीड इंची पाइप ती त्याहून कितीतरी वेगाने उपसतो. पंप फार जोरकस घेतला तर वक्रनलिका तुटतच नाही, धार नुसती अखंड चालू राहते. फार मरतुकडा घेतला तर पाणी वळणावरून झिरपत राहतं आणि लोट येतच नाही. पाइपाचं खालचं तोंडही टाकीत जेमतेम बुडालेलं हवं. खोल बुडवलं तर आत कोंडलेली हवा बाहेर पडायला जास्त दाब लागतो, आणि तो दाब मिळेपर्यंत बादलीच काठावरून वाहू लागते. म्हणून बादलीला वर एक जादा ओसंडा हवाच. तो न ठेवणाऱ्याने फरशी पुसायची तयारी ठेवावी.

टाकीचा हिशेबही आधी मांडावा. 120 बाय 45 सेंटीमीटरच्या टाकीत वीस लिटर पाणी पडलं की पातळी सुमारे पावणेचार सेंटीमीटर चढते. काठाशी तेवढी जागा सोडलेली नसेल तर लाट दिवाणखान्यात येते.

शिवाय आवाज. दर दोन मिनिटांनी कोणीतरी फ्लश ओढावा तसा, रात्रीसुद्धा. बुडबुडे फुटून खारे तुषार उडतात, दिव्यांवर आणि झाकणांवर मिठाचे थर चढतात. पुढे वेग बदलणारे पंख्याचे पंप आले आणि बहुतेक घरांतली बादली खाली उतरली. त्यात नवल नाही. घरात माणसांनाही झोपायचं असतं.

मोठ्या मत्स्यालयांनी मात्र लोटाचा नाद सोडला नाही. स्मिथसोनियनचे वॉल्टर एडी यांच्या प्रवाळ-टाकीत बादली भरली की तोल जाऊन स्वतःच उलटायची. कॅलिफोर्नियातलं मॉन्टेरे बे मत्स्यालय 1984 साली उघडलं. तिथल्या 28 फूट उंच केल्प-वनातलं, म्हणजे मोठ्या सागरी शैवालाच्या वनातलं, पाणी डोलतं ठेवणाऱ्या यंत्राच्या घडणीत ह्युलेट-पॅकार्डचे डेव्हिड पॅकार्ड यांनी स्वतः लक्ष घातलं होतं. केल्पलाही पोषण पानांवरून वाहणाऱ्या पाण्यातूनच मिळतं.

भारतात खडक बांधणारे कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा मालवणच्या किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणण्याचा विचारही करू नये. नुसत्या माशांच्या टाकीलाही लोट मानवतो, तळाशी घाण साचत नाही. पहिली चाचणी न्हाणीघरात गोड्या पाण्यावर घ्यावी, आणि वळणाच्या एल्बोंना लगेच सोल्युशन लावू नये, टेफ्लॉन टेपवर भागवावं. पाइप अर्धा-एक इंच कापायची वेळ बहुतेक वेळा येतेच.