अन्न आणि राजकारण : महाविद्यालयीन लेखन-अध्यापनाचे एक आशयसूत्र
(काष्टी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

पदवीच्या प्रथम वर्षातील निबंधलेखन हा भाषाविषयांच्या प्राध्यापकांच्या चिंतेचा जुना विषय आहे. 'पर्यावरण आणि मानव' किंवा 'भ्रष्टाचार : एक समस्या' यांसारख्या विषयांवरील उत्तरपत्रिका तपासताना शंभर विद्यार्थ्यांनी मिळून एकच निबंध लिहिला असावा, असा भास होतो. याचे कारण केवळ शब्दसंपत्तीच्या दारिद्र्यात शोधणे योग्य नाही. ज्या विषयासंबंधी विद्यार्थ्याजवळ स्वतःचे निरीक्षण नसते, त्या विषयावर तो मार्गदर्शिकेतील परिच्छेदच उतरवून काढतो. म्हणून लेखनकौशल्याच्या अध्यापनात आशयसूत्राची निवड निर्णायक ठरते. विद्यार्थ्यांच्या जीवनानुभवातून अध्ययनाचे विषय निवडावेत, ही भूमिका ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी प्रौढसाक्षरतेच्या संदर्भात मांडली. अमेरिकेतील विद्यापीठांत प्रथम वर्षाचे लेखनवर्ग अन्नासारख्या एकाच सूत्राभोवती गुंफण्याचा प्रघातही परिचित आहे. प्रस्तुत लेखात 'अन्न आणि राजकारण' या सूत्राची उपयुक्तता, त्यावर आधारित लेखनकार्ये आणि त्यातील धोके यांचा विचार केला आहे.

सूत्राची निवड आणि परिसर

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे गाव जनावरांच्या आठवडे बाजारासाठी सर्वदूर परिचित आहे. ऊस, कांदा, लिंबू आणि दूध यांवर या परिसराचे अर्थकारण उभे आहे. सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ ज्या प्रवरानगरात १९५० च्या सुमारास झाला, ते याच जिल्ह्यातील. जून २०१७ मधील शेतकरी संपाची हाकही याच जिल्ह्यातील पुणतांब्यातून दिली गेली. अशा परिसरातील विद्यार्थी अन्नाचा उत्पादक, वाहतूकदार, मजूर आणि ग्राहक या सर्व भूमिका घरातच पाहत असतो. येथे 'राजकारण' हा शब्द निवडणुकीपुरता मर्यादित नाही. कोणी काय पिकवावे, ते कोणत्या भावाने विकले जावे, कोणाच्या ताटात काय यावे आणि हे कोणी ठरवावे, हे सर्व प्रश्न त्यात अंतर्भूत होतात.

लेखनकार्यांचे स्वरूप

१. आकडा आणि विधान : राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य देय आहे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत दिले जाते. ५ किलो म्हणजे दररोज सुमारे १६७ ग्रॅम. विद्यार्थ्याने घरातील आठवड्याचा धान्यवापर मोजून त्याची या आकड्याशी तुलना करावी व एक परिच्छेद लिहावा. अंत्योदय कुटुंबात दोनच व्यक्ती असल्यास प्रत्येकी साडेसतरा किलो येतात. दहा असल्यास साडेतीन. 'शिधा पुरतो' किंवा 'शिधा पुरत नाही' ही दोन्ही विधाने कुटुंबाचा आकार सांगितल्याशिवाय अपुरी आहेत, हे विद्यार्थ्यास येथे स्वतः उमगते. पुराव्याविना विधान करू नये, हा लेखनाचा पहिला नियम व्याख्यानापेक्षा तराजूने अधिक चांगला शिकवला जातो.

२. स्मृती आणि दस्तऐवज : १९७२ च्या दुष्काळाचे साक्षीदार आज वृद्ध झाले आहेत. दुष्काळी कामांवर मिळालेली सुकडी, शिधावाटप दुकानातील तांबडा मिलो, खडी फोडणाऱ्या स्त्रिया यांच्या आठवणी अजून घराघरांत ऐकावयास मिळतात. विद्यार्थ्याने अशी मुलाखत घेऊन ती प्रथम बोलीत जशीच्या तशी उतरवावी, नंतर प्रमाण मराठीत तिचे निवेदन करावे. या रूपांतरात काय हरवते याची चर्चा वर्गात व्हावी. दुसऱ्या टप्प्यात स्मृतीची दस्तऐवजाशी पडताळणी येते. 'रोजगार हमीचा कायदा दुष्काळातच झाला' असे सांगणारे अनेक भेटतात. योजना १९७२ मध्ये सुरू झाली. कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. स्मृती खोटी ठरत नाही, तिच्यातील कालक्रम मात्र तपासावा लागतो.

३. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद : केंद्र शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी केली, ४ मे २०२४ रोजी ती उठवली आणि १ एप्रिल २०२५ पासून उरलेले २० टक्के शुल्कही रद्द केले. या घटनाक्रमावर विद्यार्थ्याने प्रथम उत्पादकाच्या बाजूने व नंतर शहरातील मजुराच्या बाजूने लिहावे. कांदा उत्पादकाच्या मुलास दुसरा परिच्छेद अवघड जातो, भूमिहीन कुटुंबातील विद्यार्थिनीस कदाचित पहिला. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता येणे, ही युक्तिवादाची खरी कसोटी होय.

४. कायद्याचे वाचन : १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गोहत्येस बंदी होती; २०१५ च्या दुरुस्तीने ती वळू व बैल यांनाही लागू झाली. म्हैसवर्गीय जनावरांना ही बंदी लागू नाही. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली, परंतु राज्याबाहेरून आणलेले गोमांस बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. बाजारात ऐकलेले, वृत्तपत्रात वाचलेले आणि कायद्यात लिहिलेले अशा तीन स्तंभांत नोंदी करून विद्यार्थ्याने त्यांतील अंतर स्पष्ट करावे. कामातून गेलेल्या बैलाचे काय करावे, हा शेतकऱ्याचा प्रश्न आणि श्रद्धेचा प्रश्न हे दोन्ही त्याने आदराने नोंदवावेत.

धोके आणि दक्षता

या सूत्राचे सामर्थ्य हाच त्याचा धोका आहे. भारतीय समाजात आहारावरून जात, धर्म आणि आर्थिक स्थिती यांचा अंदाज बांधला जातो. 'तुमच्या घरी काय शिजते' असा वरकरणी निरुपद्रवी प्रश्न वर्गात विचारला, तर कोणास अभिमान वाटेल आणि कोणास मान खाली घालावी लागेल. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हे पुस्तक महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करते. त्याचे शीर्षकच प्रस्थापित धारणेला प्रश्न विचारते. याच जिल्ह्यात जन्मलेल्या दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाचेही येथे स्मरण व्हावे. तथापि अशा साहित्याच्या वाचनानंतर संबंधित समाजातील विद्यार्थ्याकडे 'तू सांग' म्हणून पाहणे हा अध्यापकाचा अपराध ठरेल.

यासाठी तीन पथ्ये आवश्यक वाटतात. घरच्या आहाराविषयीचे लेखन ऐच्छिक असावे व त्यास सार्वजनिक विषयाचा समान गुणांचा पर्याय असावा. असे लेखन लेखकाच्या संमतीविना वर्गात वाचले जाऊ नये. मूल्यमापनात मताला गुण नसावेत. निरीक्षणाची अचूकता, पुराव्याची योग्यता, मांडणीचा क्रम आणि भाषेची शुद्धता यांनाच असावेत. बोलीतील शब्द मुलाखतीच्या पहिल्या मसुद्यात चूक मानले जाऊ नयेत.

मर्यादा आणि समारोप

मोठ्या वर्गात प्रत्येकाचे दोन मसुदे तपासणे अध्यापकास कठीण जाते. सहाध्यायींनी परस्परांचे सार्वजनिक विषयांवरील मसुदे वाचणे, हा त्यावरील अंशतः उपाय होय. तसेच एकाच सूत्रावर संपूर्ण सत्र खर्च करण्याऐवजी वरील चार लेखनकार्ये आठ ते दहा तासिकांत बसविणे व्यवहार्य ठरेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० अनुसार आखलेल्या भाषाविषयक अभ्यासक्रमांत अशा उपक्रमास वाव आहे.

शिधापत्रिकेवरून नाव वगळले गेल्यास तहसीलदारांकडे करावयाचा अर्ज, बाजारभावासंबंधी वृत्तपत्रास लिहावयाचे पत्र, ग्रामसभेत मांडावयाचे निवेदन ही या विद्यार्थ्यांच्या आयुष्यात प्रत्यक्ष येणारी लेखने आहेत. मोजून, विचारून, पडताळून आणि प्रतिपक्ष ऐकून लिहिण्याची सवय वर्गात जडली, तर ती निवेदनेही नेमकी होतील. नागरिकाचे म्हणणे दप्तरी दाखल होण्यापूर्वी ते नीट लिहिले जावे लागते. लेखनाच्या तासिकेचे प्रयोजन तेथपर्यंत पोहोचते.