प्लग बसतो, आवाज बसत नाही

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला आमच्या घराच्या तळघरात माझं एक टेबल आहे. त्यावर सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि कुणीतरी 'बघ जरा, चालतो का' म्हणून ठेवून गेलेला एखादा हेडसेट. डलस विमानतळ शेजारीच असल्यामुळे या गावात माजी सैनिकांची, वैमानिकांची आणि हौशी रेडिओवाल्यांची वाण नाही. माझ्याकडे येणारं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे लष्करी हेलिकॉप्टरवर उमेदीची वर्षं काढलेला गृहस्थ. निवृत्तीनंतर तो भाड्याच्या रॉबिन्सन आर-44 मध्ये उडू लागतो आणि माळ्यावरचा आपला जुना हिरवा हेडसेट बाहेर काढतो. प्लग खटकन बसतो. पण कानात आवाज जेमतेम येतो, आणि हा बोलतो ते कुणालाच ऐकू जात नाही. हेडसेट गेला, असं समजून तो माझ्याकडे येतो. हेडसेट ठणठणीत असतो.

घोटाळा त्या प्लगमुळे होतो. अमेरिकी लष्कराचा यू-174 हा एकेरी, चार जोडण्यांचा प्लग नागरी हेलिकॉप्टरांनीही जसाच्या तसा उचलला. छोट्या विमानांत कानासाठी एक आणि माइकसाठी एक असे दोन वेगळे प्लग असतात, त्यामुळे तिथे निदान चुकीचं काही घुसत नाही. हेलिकॉप्टरात घुसतं.

आत मात्र दोन वेगळे संसार आहेत. लष्करी हेडसेटचे इअरफोन साधारण 8 ते 20 ओहमचे, नागरी 150 ते 600 ओहमचे. कमी ओहमचा हेडसेट नागरी इंटरकॉमला लावला की तो जास्त करंट ओढायला बघतो, आणि तेवढा द्यायची त्या अॅम्प्लिफायरची ऐपत नसते. एकाच टाकीवर तळमजल्याचा नळ पूर्ण सोडला की तिसऱ्या मजल्यावरची धार बारीक होते, तसं होतं. ज्याचा हेडसेट चुकीचा त्याचाच नव्हे, शेजारच्या वैमानिकाचाही आवाज पडतो. ही गोष्ट मला सगळ्यांत धोक्याची वाटते, आणि नेमकी तीच कुणी विचारत नाही.

माइकची कथा आणखी जुनी. पूर्वी विमानांत टेलिफोनसारखे कार्बनच्या कणांचे माइक असत. त्यांना चालायला डीसी वीज लागे, पण त्या बदल्यात ते दणदणीत सिग्नल देत. लष्कराने पुढे डायनॅमिक माइक घेतला: चुंबकातली छोटी कॉइल, वीज नको, मार सोसणारा. एम-87 हा त्यातला प्रसिद्ध, अवघा 5 ओहमचा. नागरी विमानविद्येने जुनी सॉकेटं मोडली नाहीत. 1962 मध्ये बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी आधुनिक इलेक्ट्रेट माइक तयार केला. तोच पुढे विमानात आला, पण कार्बनचं सोंग घेऊन! आजही नागरी हेलिकॉप्टरचं सॉकेट माइकला साधारण 8 ते 16 व्होल्टचा डीसी पुरवतं. एम-87 त्यात थेट जोडला तर त्याच्या नाजूक कॉइलमधून नको तो करंट वाहतो, पडदा एका बाजूला ओढला जातो, आणि मुळातच मिलिव्होल्टमधला त्याचा सिग्नल कुणाच्या कानापर्यंत पोचत नाही.

उपाय दोन. एक, मधे डबी बसवायची: कानासाठी छोटा ट्रान्सफॉर्मर आणि माइकसाठी प्रीअॅम्प्लिफायर. या प्रीअॅम्पला वेगळी बॅटरी लागत नाही, सॉकेटमधल्या त्याच डीसीवर तो चालतो. दुसरा उपाय, हेडसेटचं पोटच बदलायचं: एम-87च्या आकाराचा, आत अॅम्प्लिफायर असलेला माइक आणि जास्त ओहमचे इअरफोन. मी दुसराच सुचवतो. डबीत जोड वाढतात, आणि हेलिकॉप्टरच्या थरथरीत प्रत्येक जोड हा उद्याचा बिघाड. शिवाय उघड्यावरचा प्रीअॅम्प रेडिओच्या लहरी पकडतो. वैमानिकाने ट्रान्समिटचं बटण दाबलं की किंकाळी. शिल्डेड वायर आणि योग्य जागी कपॅसिटर लावल्याशिवाय ती जात नाही. बदल करायचा तो हेडसेटमध्ये. हेलिकॉप्टरच्या वायरिंगला हात लावणं हे परवानाधारक मेकॅनिकचं काम आहे.

एवढी उस्तवार कशाला, हा प्रश्न रास्त आहे. नवे चांगले हेडसेट हजार डॉलरच्या वर जातात, हे एक उत्तर. पण मुख्य म्हणजे लष्करी कप आणि माइक खरंच उत्तम असतात. माइकच्या पडद्याला दोन्ही बाजूंनी हवा असते. दूरचा गोंगाट दोन्हीकडून सारखा येऊन खोडला जातो, ओठांजवळचा आवाज तेवढा राहतो. म्हणून हा माइक ओठांना जवळजवळ टेकवायचा असतो. हनुवटीवर लोंबणारा माइक पाहिला की मला शिक्षक व्हावंसं वाटतं. जाड कप उंच पट्टीचा आवाज अडवतात. रोटरची खर्जातली धडधड मात्र त्यांना फारशी जुमानत नाही. तिथे विरुद्ध ध्वनिलहर सोडून आवाज मारणारी यंत्रणाच हवी. तिचं आपलं गणित अमर बोस यांनी 1978 मध्ये झुरिकहून परतताना विमानातच मांडलं आणि त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट 1989 मध्ये बाजारात आला.

लष्करी ते नागरी हा प्रवास हेलिकॉप्टरांनीही केलाय. आमच्याजवळच शँटिलीला स्मिथसोनियनचं उद्वार-हॅझी सेंटर हे विमानांचं संग्रहालय आहे. तिथे व्हिएतनाम युद्धातलं ह्यूई हेलिकॉप्टर आहे आणि 1982 मध्ये हेलिकॉप्टरने पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केलेली बेल लाँगरेंजरही. त्या बेल 206 घराण्याचं मूळ लष्कराच्या स्पर्धेत हरलेल्या हेलिकॉप्टरात आहे. नाव झालं ते नागरी आकाशात. आपल्याकडे जुहूहून बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राकडे उडणाऱ्या पवन हंस या नागरी हेलिकॉप्टर कंपनीची स्थापना 1985 ची. लष्करातून निवृत्त होऊन नागरी हेलिकॉप्टरवर येणारे वैमानिक भारतातही पुष्कळ, तेव्हा हा प्रश्न फक्त हर्नडनचा नाही.

म्हणून जुना हेडसेट विकत घ्यायचा असेल तर आधी माइकवरचा नंबर वाचा, मग मल्टिमीटर लावा. इअरफोनवर दहा-वीस ओहम दिसले तर तो लष्करी आहे असं समजा, आणि बदल करून जमिनीवर, इंजिन बंद असताना, इंटरकॉमवर तपासल्याशिवाय हवेत नेऊ नका.