गार गाडीत न दिसणारा आजार

‘बॉनेटखाली’ लेखमाला : भाग 9

एप्रिल लागला की ताथवड्याच्या आमच्या गॅरेजात एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी येते. ‘दादा, दुपारी गाडी ओढत नाही.’ ‘पिकअपच राहिला नाही.’ ‘खंडाळ्याला दुसऱ्या गिअरवर आणावी लागली.’ आणि त्याला जोडून, जरा चाचरतच, ‘सकाळी मात्र झकास चालते.’ हे सांगितलं तर आपली तक्रार खोटी वाटेल, अशी मालकांना भीती असते. मला मात्र त्या सगळ्या बोलण्यात हेच वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात अशीच एक डिझेल गाडी आली. मालक हिंजवडीत नोकरीला, घर पनवेलकडे. दर पंधरवड्याला जाणं-येणं. परतताना खोपोली मागे पडली की बोरघाटात गाडी दम टाकायची. खोपोली ते लोणावळा म्हणजे साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ, त्यात दुपारची वेळ. मागून ट्रकचे हॉर्न आणि पायाखाली ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला, तरी काटा चाळिशीच्या पुढे सरकत नाही. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. डिझेल फिल्टर नवा, एअर फिल्टर नवा, आणि शेवटी ‘टर्बो गेलाय’ असं निदान. दोन्हीकडे गाडी आदल्या रात्री नेऊन ठेवलेली आणि सकाळी दहाला तपासलेली. या गाडीकडे परत येऊच.

आधी उन्हाचा स्वतःचा वाटा किती, ते पाहू. हवा तापली की विरळ होते. थंडीतल्या पहाटेच्या 10 अंशांच्या मानाने दुपारच्या 40 अंशांना तेवढ्याच जागेत हवा साधारण एक दशांशाने कमी मावते. हवा कमी म्हणजे जाळता येणारं इंधन कमी, आणि ताकद कमी. गाडीच्या पुस्तिकेतला ताकदीचा आकडा 25 अंश तापमान आणि 99 किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब धरून काढलेला असतो. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथला दाब 95 किलोपास्कलच्या आसपास. म्हणजे टर्बो नसलेली पेट्रोल गाडी आपल्याकडे मेमध्ये छापील आकड्यापेक्षा थोडी कमीच ओढणार. त्यात एसीचा कॉम्प्रेसर आपला हिस्सा घेतो, लहान इंजिनाला तो चांगलाच जाणवतो. पण हे सगळं मिळून गाडी जराशी जड वाटते, इतकंच. ‘निम्मी ताकद गेली’ असं कुणी म्हणत असेल, तर ते नुसतं ऊन नव्हे. आत काहीतरी बिघडलंय आणि उन्हामुळे ते उघडं पडतंय.

म्हणून माझा पहिला प्रश्न ‘काय होतं’ हा नसतो, ‘कुठे होतं’ हा असतो. ताथवड्याच्या भुयारी मार्गाजवळ किंवा भूमकर चौकात वीस मिनिटं रांगेत उभं राहिल्यावर ताकद जाते आणि महामार्गाला लागून वारा मिळाला की परत येते, तर पंख्याकडे बघायचं. उलट सरळ रस्त्यावर ठीक आणि चढावर, ऐंशीच्या पुढे किंवा गाडी भरलेली असतानाच त्रास, तर रेडिएटरमधून पाणी पुरेसं फिरत नाहीये, किंवा इंजिनाला हवा-इंधन कमी पडतंय. आणि चहाला थांबून पंधरा मिनिटांनी निघाल्यावर झटके मारते, तर बॉनेटखाली कोंडलेल्या उष्णतेनं एखादा सेन्सर, कॉइल किंवा इंधनाचा पंप हैराण झालाय.

त्याआधी दोन गोष्टी दोन मिनिटांत बाजूला काढायच्या. आरपीएमचा काटा वर पळतो पण वेग वाढत नाही, तर इंजिन बरं आहे, क्लच घसरतोय. आणि गाडी थांबवून चारही चाकांजवळ तळहात न्यायचा, रिमला न टेकवता. एकाच चाकाची धग जास्त लागली तर ब्रेक अडकून राहिलाय. तापल्यावर तो आणखी घट्ट धरतो, आणि मालकाला वाटतं इंजिन मेलं.

आता गाडी खरोखर तापते का? डॅशबोर्डवरच्या काट्यावर फार विसंबू नका. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत कुलंट 80 अंशांवर असो की 100 वर, काटा मधोमधच ठेवलेला असतो. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. खरा आकडा स्कॅनर लावला की दिसतो. त्याहून सोपी खूण म्हणजे एसी. कुलंट मर्यादेबाहेर चाललं की कित्येक गाड्यांतला संगणक आधी कॉम्प्रेसर तोडतो, मग इंधन कमी करतो. घाटात एसीची हवा अचानक कोमट झाली आणि मागोमाग पिकअप गेला, तर हे संगणकानं इंजिन वाचवण्यासाठी केलंय. अशा वेळी दामटू नका. एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि जागा मिळेल तिथे कडेला घ्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आत वातावरणाहून साधारण 1 बार जास्त दाब असतो, त्या दाबामुळेच आतलं पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की ते तिथल्या तिथे उकळून तोंडावर येतं. मी भाजलेले हात पाहिलेत.

आमच्या भागात रेडिएटर तुंबण्याचं एक खास कारण आहे. ताथवडे, पुनावळे, मारुंजी, जिकडे बघावं तिकडे बांधकाम. सिमेंटचा, खडीचा बारीक धुरळा एसीचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसतो. वॉशिंग सेंटरवर समोरून जोराचा फवारा मारला की तो आणखी आत दाबला जातो. समोरून जाळी लखलखीत दिसते, मागे मात्र मातीचा थर. धुवायचं ते इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, हलक्या दाबानं. दुसरी चूक पाण्याची. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी कुलंटऐवजी भरत गेलं की आतल्या नळ्यांत क्षार साचतात. आणि ‘गाडी तापते ना, मग थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यानं मूळ दोष झाकला जातो, इंजिन थंडीत नीट तापत नाही आणि डिझेल जास्त पितं.

गरम झाल्यावर मरणाऱ्या इलेक्ट्रिकच्या वस्तू हे वेगळंच प्रकरण आहे. क्रँक सेन्सरच्या आतली बारीक तार तुटलेली असते, पण गार असताना टोकं एकमेकांना टेकून असतात. तापलं की ती दुरावतात, गाडी चालता चालता बंद. अर्ध्या तासानं पुन्हा सुरू. आम्ही असा दोन तारांचा सेन्सर काढून हेअर ड्रायरनं तापवतो आणि मल्टिमीटर धरून बसतो. गार असताना रीडिंग अगदी बरोबर येतं, मग एका क्षणी तुटतं. पेट्रोल गाडीत टाकी सतत रिझर्व्हला ठेवली तर पंपाला गारवा देणारं पेट्रोलच उरत नाही. आधीच झिजलेला पंप मग दुपारी दाब सोडतो.

तर ती डिझेल गाडी. मी मालकांना म्हटलं, ‘साहेब, गाडी सोडून जाऊ नका. दुपारी दोनला या, येताना एसी चालू ठेवा, आणि माझ्यासोबत चक्कर मारा.’ ते आले. स्कॅनर लावला, मागे दोन पोरं बसवली आणि महामार्गाला लागलो. वाकडला मुळा ओलांडली, बालेवाडी, सूस, पाषाण. कुलंट 92 अंश, म्हणजे गाडी तापत नव्हती. टर्बोनं किती दाब द्यायला हवा आणि प्रत्यक्षात किती मिळतोय, हे दोन आकडे शेजारी शेजारी लावले होते. पहिली दहा मिनिटं दोन्ही हातात हात घालून. बावधनच्या चढाला पाय दाबला, तेव्हा मागणी 2.1 बारची आणि मिळतायत 1.4. त्याच वेळी डाव्या बाजूनं बारीक ‘स्स्स’ असा आवाज. काचा खाली करायला लावल्या तेव्हा मालकांनाही तो ऐकू आला. ‘हा आवाज मला पंख्याचा वाटायचा,’ ते म्हणाले.

चांदणी चौकातून वळून थेट गॅरेजात आलो आणि इंजिन गार व्हायच्या आत कामाला लागलो. इंटरकूलरच्या पाइपांची तोंडं बंद करून कॉम्प्रेसरचा दाब 1 बारवर आणून आत सोडला, साबणाचं पाणी मारलं. खालच्या रबरी होजवर, अगदी टेकूच्या पट्टीला लागून, तेलाचा काळा ओलावा होता. तिथे बुडबुडे फुटत होते. बोटानं दाबलं तर इंचभर चीर ओठांसारखी उघडली. रबर तापलेलं, मऊ पडलेलं, आतून दाब, त्यामुळे चीर फाकत होती. दीड तासानं मुद्दाम पुन्हा पाहिलं. रबर कडक झालं होतं, चीर मिटलेली, बुडबुडे जवळपास बंद. सकाळी दहाला तपासणाऱ्या कुणालाही ती सापडली नसती. टर्बो धडधाकट होता.

होज बदलला, पण तेवढ्यावर सोडता येत नव्हतं, कारण रबर त्या पट्टीवर घासायचं काही कारण नव्हतं. खालून पाहिलं तर इंजिनाचा एक माउंट बसलेला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन कलायचं आणि पाइप पट्टीवर घासायचा. माउंट नवा घातला. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात नवा होजही तिथेच कापला गेला असता.

गॅरेजात गाडी आणताना तुम्ही तीन गोष्टी लिहून आणा: किती वेळ चालवल्यावर त्रास झाला, त्या वेळी एसी चालू होता का, आणि थांबून किती वेळानं गाडी पूर्ववत झाली. शक्य असेल तर दुपारीच या, आणि इंजिन बंद करून सावलीत लावू नका. पुढच्या आठवड्यात सीएनजीच्या गाड्या आणि उन्हाळा.