ते शत्रूकडे का गेले?

गेल्या वर्षीची गोष्ट. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत आठवीच्या एका मुलानं प्रगतिपुस्तकावर वडिलांची खोटी सही केली. सही पकडली गेली. "उद्या वडिलांना घेऊन ये, नाहीतर वर्गात बसू नकोस," असं त्याला बजावण्यात आलं. बजावणारी मीच होते. त्या संध्याकाळी मुलगा घरी गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दीडशे किलोमीटरवरच्या एका एस. टी. स्टँडवर सापडला. "कुठं निघाला होतास रे?" असं विचारलं तर म्हणाला, "कुठंच नाही, बाई. पहिली लागलेली गाडी धरली."

मी बी. ए. ला इतिहास घेतला होता, त्यामुळे लढायांविषयी वाचायची खोड अजून आहे. त्या मुलाचं उत्तर ऐकलं आणि मला एकदम कोरियाच्या सीमेवरचा एक अमेरिकन शिपाई आठवला. त्याचंही सगळं एका खोट्या सहीवरूनच बिघडलं होतं.

फितूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं एकच चित्र येतं: मोहरांची थैली घेऊन रात्री किल्ल्याचा दरवाजा उघडून देणारा माणूस. लहानपणापासून आपण त्याच गोष्टी ऐकल्या. पण आपलं सैन्य सोडून शत्रूच्या मुलखात गेलेल्यांच्या हकिकती वाचू लागलं, की थैली फारशी कुठं दिसत नाही. मग हे लोक जातात तरी का?

पहिली लागलेली गाडी

कोरियाचं युद्ध 1950 साली सुरू झालं आणि 1953 च्या जुलैत थांबलं. तह झाला नाही, नुसता युद्धविराम झाला. उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या मध्ये सुमारे चार किलोमीटर रुंदीचा, सुरुंग पेरलेला पट्टा ठेवण्यात आला. दक्षिणेच्या बाजूला अमेरिकन फौज राहिली. या फौजेतले चार शिपाई 1962 ते 1965 या काळात तो पट्टा ओलांडून उत्तर कोरियात गेले.

त्यांतला एक जेम्स ड्रेसनॉक. आईबाप विभक्त झालेले, बालपण परक्यांच्या घरी गेलेलं. सतराव्या वर्षी सैन्यात शिरला, लग्न केलं. जर्मनीतली नोकरी संपवून परतला तर बायको दुसऱ्याबरोबर संसार करत होती. मग कोरिया. तिथं छावणीबाहेर जाण्यासाठी त्यानं परवानगीच्या कागदावर वरिष्ठाची खोटी सही केली. कोर्ट मार्शल होणार हे ठरलं. 15 ऑगस्ट 1962 रोजी बाकीचे जेवायला बसले असताना भर दुपारी तो सुरुंगांतून पलीकडे चालत गेला. त्याच्या आधी मे महिन्यात गेलेला लॅरी ॲबशियर गांजा ओढताना पकडला गेलेला होता.

चौथा सार्जंट चार्ल्स जेंकिन्स. त्याच्यावर कसलाही आरोप नव्हता. सीमेवरच्या रात्रीच्या गस्तीची त्याला भीती वाटू लागली होती. आता आपल्याला व्हिएतनामला पाठवतील, ही दुसरी भीती. 5 जानेवारी 1965 च्या थंड रात्री तो भरपूर बियर प्याला, गस्तीची तुकडी घेऊन निघाला, "पुढं बघून येतो" असं सोबत्यांना सांगून गेला, तो परत आलाच नाही. त्याचा हिशेब असा होता, की उत्तर कोरियावाले आपल्याला रशियाच्या हवाली करतील, आणि रशिया कैद्यांच्या अदलाबदलीत अमेरिकेला परत देईल. म्हणजे गंमत पाहा, हा माणूस शत्रूच्या मुलखातून वळसा घालून आपल्या घरीच निघाला होता! त्या वळशाला एकोणचाळीस वर्षं लागली.

अलीकडचं उदाहरण 2023 सालचं. ट्रॅव्हिस किंग हा तेवीस वर्षांचा अमेरिकन शिपाई मारहाणीबद्दल दक्षिण कोरियाच्या तुरुंगात राहून सुटला होता. शिक्षेच्या चौकशीसाठी त्याला मायदेशी पाठवत असताना तो विमानतळावरून सटकला, सीमा पाहायला जाणाऱ्या पर्यटकांत मिसळला आणि पलीकडे पळाला. उत्तर कोरियानंच त्याला दोन महिन्यांनी हाकलून दिलं.

या सगळ्यांच्या पाठीशी काहीतरी लागलेलं होतं: खटला, भीती, अब्रू जाण्याची धास्ती. समोर काय आहे याची चौकशी कुणी केलीच नाही. स्टँडवरची पहिली गाडी, दुसरं काय!

अपमान आणि उपासमार

सगळेच असे नसतात, हेही सांगायला हवं. कोरियाच्या युद्धानंतर तेवीस अमेरिकन कैद्यांनी "आम्हाला घरी जायचं नाही" असं सांगितलं. त्यांतले दोघं फिरले आणि एकवीस जण 1954 साली चीनमध्ये गेले. त्यांच्यात क्लेरेन्स ॲडम्स होता. मेम्फिस शहरातला काळा तरुण. जिथं त्याला गोऱ्यांच्या शेजारी बसून जेवता येत नव्हतं, तिथं परत कशाला जायचं, हा त्याचा सवाल होता. आपल्या काळ्या पलटणीला मागं ठेवून गोऱ्या तुकड्या वाचवल्या गेल्या, असंही त्याचं म्हणणं होतं. तो चीनमध्ये शिकला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि 1966 साली बायकामुलांसह मेम्फिसला परतला. पुढं त्यानं तिथं चिनी खाणावळ काढली. त्याच्या जाण्यामागं निदान विचार तरी होता. तो विचार त्याला घरच्या अपमानानं शिकवला होता.

आणि उलट दिशेचाही रस्ता आहेच. 2017 च्या नोव्हेंबरात उत्तर कोरियाचा एक शिपाई गोळ्या झेलत दक्षिणेत पळून आला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली तेव्हा त्याच्या आतड्यांत लांबलचक जंत आणि मक्याचे दाणे सापडले. सैन्यात खास पोसलेल्या जवानाच्या पोटाची ही कथा!

आईची हाक

या प्रकरणाशी आपल्या माणसांचा जवळून संबंध आला होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. परत जायला नकार देणारे दोन्ही बाजूंचे मिळून बावीस हजारांहून अधिक कैदी होते. त्यांना सांभाळण्यासाठी भारताची फौज 1953 साली कोरियात गेली. तिचे सेनापती होते आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं, तेव्हा थोरात स्वतः त्यांच्या तळात गेले आणि एकही गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. तिथं प्रत्येक देशाला आपल्या कैद्यांशी बोलून त्यांचं मन वळवण्याची मुदत दिलेली होती.

त्या दिवसांत अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातली एक आई मुलाला समजवायला म्हणून विमानानं टोकियोपर्यंत आली. पुढं कोरियात जायची परवानगी तिला तिच्याच सरकारच्या सैन्यानं दिली नाही. मुलानंही नकार कळवला. ती माऊली तशीच परतली. मुलगा पुढं काही वर्षांनी घरी आला.

आणि ज्या दोघांनी आयत्या वेळी विचार बदलला, त्यांचं काय झालं? एकाची जपानी बायको त्याला पत्रांवर पत्रं लिहीत होती. तो आला आणि लष्करी न्यायालयात उभा राहिला. दोघांनाही लांबलचक मुदतीच्या शिक्षा झाल्या. राहिलेल्या एकवीस जणांनी ही बातमी ऐकली असेल तर त्यांच्या मनात काय आलं असेल, हे सांगायला नको.

एका घरातली दोन माणसं

जेंकिन्सची पुढची हकिकत बायकांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. उत्तर कोरियात त्याला नेत्याची वचनं कोरियन भाषेत घोकावी लागली. लष्करी शाळेत इंग्रजी शिकवावं लागलं. 1966 साली चौघांनी रशियन वकिलातीत जाऊन आसरा मागितला, तर तिथून परत पाठवण्यात आलं.

1980 साली त्याच्या घरी एक एकवीस वर्षांची जपानी मुलगी आणून सोडण्यात आली: हितोमी सोगा. 1978 सालच्या ऑगस्टमध्ये सादो बेटावर ती आईबरोबर बाजारातून घरी येत असताना उत्तर कोरियाच्या हेरांनी तिला पळवून नेलं होतं. आईचा ठावठिकाणा अजूनही लागलेला नाही. एक जण आपल्या पायांनी आलेला, दुसरी तोंड बांधून आणलेली. दोघांचं लग्न झालं. रात्री निजताना तो तिला जपानी भाषेत "शुभ रात्री" म्हणे आणि ती त्याला इंग्रजीत. आपण मुळात कोण आहोत याचा विसर पडू नये म्हणून. बावीस वर्षं हा नेम चालला.

2002 साली जपानच्या पंतप्रधानांच्या भेटीनंतर हितोमी मायदेशी परतली. नवरा आणि दोन मुली मागं राहिल्या. अमेरिका पकडेल म्हणून तो जपानला यायला घाबरत होता, आणि इथं राहिलो तर मुलींना हेर बनवतील ही धास्तीही होती. शेवटी 2004 च्या जुलैत इंडोनेशियात कुटुंब भेटलं. सप्टेंबरात जेंकिन्स जपानमधल्या अमेरिकन छावणीत गेला, सलाम ठोकला आणि हजर झाला. न्यायालयात त्यानं गुन्हा कबूल केला. तीस दिवसांची कैद आणि बेअब्रूनं बडतर्फी. पुढच्या वर्षी तो नव्वदी ओलांडलेल्या आईला अमेरिकेत जाऊन भेटला. नंतर सादो बेटावर एका दुकानात बिस्किटं विकत राहिला आणि 2017 साली वारला.

दया की राग?

सातारा-कोल्हापूरकडची एखादी फौजीची बायको हे वाचून म्हणेल, "बाई, दया कसली करता? माझा माणूसही घाबरत असेल की. तो नाही पळाला." तिचं खरं आहे. त्या थंड रात्री "पुढं बघून येतो" म्हणून गेलेल्या सार्जंटची वाट पाहत उभे राहिलेले तरुण शिपाई मलाही विसरता येत नाहीत. आपल्या नायकाला शोधत ते पुढं गेले असते आणि सुरुंगावर पाय पडला असता, तर? भीती समजून घेता येते. पण तिचा भार दुसऱ्याच्या गळ्यात टाकून निघून जाणं हा गुन्हाच. जेंकिन्सनं तो नाकारला नाही, म्हणून तर मला त्याच्याविषयी थोडा आदर वाटतो.

तरी एक प्रश्न उरतोच. "मला भीती वाटते, ही गस्त मला झेपत नाही," असं सांगण्यासारखा एक जरी वरिष्ठ जेंकिन्सला त्या छावणीत वाटला असता, तर? खोट्या सहीची कबुली ज्याच्यापाशी देता येईल असं एखादं माणूस ड्रेसनॉकला उभ्या आयुष्यात भेटलं असतं, तर? शिस्त हवीच. फौजेत तर हवीच हवी. पण शिक्षा भोगून परत माणसांत बसता येईल, एवढं तरी चुकलेल्याला कळायला हवं. ते कळलं नाही तर सुरुंगांचा पट्टासुद्धा त्याला जवळचा वाटतो.

आमचा आठवीतला मुलगा शाळेत परत आला. वडिलांनी माझ्यासमोर प्रगतिपुस्तकावर सही केली. गणितात चौदा गुण होते. मुलाला मधल्या सुट्टीत आठवडाभर ग्रंथालयाची पुस्तकं लावण्याची शिक्षा मिळाली. त्यानं ती नीट पार पाडली.

मी मात्र एक पद्धत बदलली. पालकांना बोलवायची चिठ्ठी आता मी शाळा सुटताना कुणाच्या हाती देत नाही. सकाळी देते, आणि देताना म्हणते, "शाळा सुटली की आधी मला भेट. तुझ्या घरापर्यंत मी येते."