परवान्याची बंदूक



बंदूक बाळगण्यावर निर्बंध असावेत की नसावेत, आणि असल्यास ते किती कडक असावेत, हा वाद आजचा नव्हे. एक पक्ष म्हणतो, शस्त्रे सरकारने काढून घ्यावी म्हणजे रक्तपात टळेल. दुसरा म्हणतो, निःशस्त्र मनुष्य चोरापुढे व सत्तेपुढे सारखाच लाचार होतो. परंतु ज्याच्या घरी रीतसर परवान्याची बंदूक आहे, अशा साध्या शेतकऱ्याचे म्हणणे क्वचितच कानी पडते. मी निवृत्त शाळामास्तर असून वडिलोपार्जित भातशेतीच्या राखणीसाठी एकनळी बंदूक बाळगून आहे. तेव्हा ह्या बाजूने दोन शब्द सांगावे म्हणतो.

प्रथम ह्या कायद्याचे मूळ पाहू. लॉर्ड लिटन याच्या कारकिर्दीत, १८७८ साली, हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली आणि युरोपियनांस मात्र मोकळीक राहिली. हा भेद लोकांच्या मनाला फार लागला. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख आला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. चोरांना व दरोडेखोरांनाही हाच हक्क द्यावयाचा काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. अमेरिकेच्या घटनेत १७९१ सालच्या दुसऱ्या दुरुस्तीने जो हक्क आला, तो आपल्या घटनेत आला नाही, तो असा.

मला विचाराल तर हा निर्णय योग्यच झाला. बंदूक म्हणजे कोयता किंवा कुऱ्हाड नव्हे. उगारलेला हात आवरता येतो. सुटलेला बार माघारी बोलावता येत नाही. अशी वस्तू ज्याच्या हाती द्यावयाची, तो मनुष्य कोण, कसा, हे पाहण्याचा शेजाऱ्यांना, म्हणजेच समाजाला, पूर्ण अधिकार आहे. परवाना हा त्या समाजाने टाकलेला विश्वास होय.

स्वराज्यात १९५९ साली जो नवा कायदा झाला, त्याने हा विश्वास गरिबावरही टाकला. एखाद्याजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूदही त्यात आहे. मात्र एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये रानडुकरे मारावयाची तर वनखात्याची निराळी परवानगी लागते. एरव्ही आमच्या बंदुकीचे काम म्हणजे रात्री हवेत एक बार काढून कळप पिटाळणे, इतकेच.

पुढे १९८३ साली एका व्यक्तीस तीनच बंदुकांची मर्यादा घातली गेली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनांवर आली. लग्नाच्या वरातीत हौसेने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, ठेवण्यात आले. ह्याने कोणत्याही खऱ्या शेतकऱ्याचे काही अडले नाही. किंबहुना अशा उडाणटप्पूंमुळेच आम्हां सर्वांकडे संशयाने पाहिले जाते.

मग आमची तक्रार कशाबद्दल? निर्बंधाबद्दल नव्हे, तर सर्वांना एकाच मापाने मोजण्याबद्दल. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. २०१९ च्या विधानसभेचे मतदान २१ ऑक्टोबरला झाले आणि २०२४ चे २० नोव्हेंबरला. कोकणात हे दिवस भात पिकून कापणीला येण्याचे! नेमक्या त्याच वेळी राखणदाराचे हात रिकामे होतात, आणि डुकरे काही आचारसंहिता पाळीत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ सालीच सांगितले आहे की, सरसकट जमा न करविता प्रत्येक परवानाधारकाची छाननी व्हावी. ज्याच्यावर गुन्हा आहे, ज्याचा पूर्वी दंग्यात हात होता, त्याची बंदूक अवश्य घ्यावी. परंतु सत्तर वर्षांच्या निरुपद्रवी शेतकऱ्यालाही त्याच रांगेत उभे करण्याने शांतता वाढत नाही. कायद्यावरची श्रद्धा मात्र उणी होते.

आणि बंदूकवाल्या बंधूंनो, आपल्यालाही काही कर्तव्य आहे. बंदूक भरून खुंटीला टांगू नये. बंदूक एका कुलपात व काडतुसे दुसऱ्या कुलपात असावीत, आणि किल्ल्या मुलांच्या दृष्टीस पडू नयेत. मद्य घेतलेल्या मनुष्याच्या हाती ती क्षणभरही देऊ नये. घरात कोणी अत्यंत खिन्न अथवा संतापी झाला असेल, तर ती काही दिवस रीतसर ठाण्यात ठेवावी; त्यात कमीपणा नाही. चोर तर क्वचितच येतो. घरचा मुलगा मात्र रोज त्याच खोलीत वावरतो.

सरकारने माणूस पाहून निर्णय करावा, तो वेळेवर करावा, आणि नकार द्यावयाचा तर कारण सांगावे. आपण शस्त्र अशा रीतीने ठेवावे की, शेजाऱ्याला त्याचा आधार वाटावा, धाक वाटू नये. एवढे दोहोंकडून झाले, तर ह्या वादातील पुष्कळ कडवटपणा आपोआप निघून जाईल, असे मला वाटते.