घरात गरम पाण्याचा टब घ्यायचा म्हणता?

घर बांधायला काढलं की पूर्वी न्हाणीघराचा विचार सगळ्यात शेवटी व्हायचा. देवघर, स्वयंपाकाचा ओटा, बैठकीची खोली ठरून जी जागा उरेल ती न्हाणीला. आता आपल्या हिंगोलीतही बाथरूमच्या फरशीवरून घराघरांत खल होतो, आणि पुण्या-मुंबईच्या नणंदेकडे पाहिलेला टब हळूच बोलण्यात येतो. ‘आपल्याकडे बसवला तर?’ असं मैत्रिणी विचारतात आणि लगेच स्वतःच हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

आठवून पाहा बरं, मनसोक्त ऊन पाणी आपल्याला कधी मिळालं? बाळंतपणात. नंतर दिवाळीच्या अभ्यंगाला, तेही सगळ्यांना न्हाऊ घालून झाल्यावर. एरवी बंबातलं पाणी आपल्या वाट्याला येईपर्यंत कोमट झालेलं असतं. चाळिशी जवळ आली की कंबर धरते, वर्गात तीन तास उभं राहिलं की पोटऱ्या भरून येतात. दहा मिनिटं ऊन पाण्यात बसावंसं वाटलं तर त्यात संकोच कसला?

परदेशात ज्याला जाकुझी म्हणतात, त्याची सुरुवातही दुखण्यापासूनच झाली. इटलीहून अमेरिकेत गेलेले जाकुझी बंधू विहिरीवरचे पंप बनवीत. घरातल्या एका लहान मुलाला संधिवात होता आणि पाण्याच्या उपचारांनी त्याला आराम पडे. ते उपचार घरीच व्हावेत म्हणून १९५६ साली त्यांनी टबात ठेवता येईल असा पंप तयार केला. पंप आतच बसवलेला टब आला तो १९६८ साली.

पण चार माणसांनी बसायचा तसला मोठा टब आपल्याकडे घ्यावा का? माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नये. त्यात साधारण हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे पाण्याचंच वजन एक टन. त्यात टबाचं आणि बसणाऱ्यांचं वजन वेगळं. गच्चीवर ठेवायचा म्हटलं तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. २०२४ साली मार्चमध्ये आणि जुलैमध्ये आपल्या जिल्ह्यात भूकंपाचे धक्के बसले, ते विसरून कसं चालेल? शिवाय हे पाणी रोज बदलत नाहीत, काही महिने तेच ठेवतात. म्हणून त्यात क्लोरीन घालायचं, आम्लता तपासायची, गाळणी धुवायची. हयगय झाली की कोमट पाण्यात रोगजंतू वाढतात. आणि ही कामं घरात कुणाच्या अंगावर येणार, ते मी सांगायला नको!

जपानी घरांतही टबातलं पाणी एकामागून एक सगळे वापरतात. पण तिथे साबण लावून अंग आधी बाहेर स्वच्छ धुतात, मगच टबात उतरतात. वरून झाकण घालतात म्हणून ऊब टिकते. ही रीत मात्र उचलण्यासारखी आहे.

आता साधा, एका माणसाचा आडवा टब. किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला पाणी जमिनीतूनच ऊन येतं, आपल्याला ते तापवावं लागतं. तेव्हा दुकानात जाण्याआधी घरी हिशेब मांडा. टबात दीडशे लिटर पाणी धरा. थंडीतलं २० अंशांचं पाणी ४० अंशांपर्यंत न्यायला सुमारे साडेतीन युनिट वीज लागते. आपल्या बिलातल्या दराने गुणा. हजार लिटरच्या टबाला हाच आकडा तेवीसच्या पुढे जातो. बहुतेक घरांत गिझर असतो पंधरा लिटरचा. त्यातलं ६० अंशांचं पाणी गार पाण्यात मिसळून न्हाण्याजोगं केलं तर तीसच लिटर होतं, म्हणजे टबाचा पाचवा हिस्सा! शंभर लिटरचा सोलर असेल तर चांगल्या उन्हाच्या दिवशी टब भरेल खरा, पण मग बाकीच्यांनी न्हायचं कशानं? आणि उन्हाळ्यात बोअर आटली, टँकर आला, की त्या टबात कपडेच भिजत पडणार.

बोअरच्या पाण्याचा दुसरा त्रास क्षारांचा. हंड्याला आतून पांढरा थर बसतो, तसाच तो गिझरच्या कॉईलवरही बसतो. वीज जास्त जाते आणि कॉईल लवकर जळते. वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्यावा. सोलर घेताना आपलं पाणी जड आहे हे दुकानदाराला आधीच सांगावं.

मग घ्यावं काय? निसर्गोपचारात कटिस्नानाचा टब वापरतात, खुर्चीसारखा पाठ टेकायचा आणि पाय बाहेर ठेवायचे. त्यात कंबर बुडेल एवढंच पाणी लागतं, दोन-तीन बादल्यांत काम भागतं. कंबरेच्या शेकाला मला हाच सगळ्यात सोयीचा वाटतो. नुसते पाय दुखत असतील तर जुनं घंगाळ माळ्यावरून खाली काढा. घोट्याच्या वर येईल इतकं पाणी आणि बसायला स्टूल, एवढं पुरतं.

पाणी ४० अंशांच्या वर नको आणि दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. दिवस गेलेले असतील, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. सासूबाईंना मधुमेह असेल तर पायांना चटका कळत नाही, त्यांचं पाणी आपल्या कोपरानं पाहून द्यावं. उठताना चक्कर येते, म्हणून सावकाश उठावं आणि दाराला आतून कडी लावू नये. पाणी तापवायची विजेची कांडी टबात कधीही सोडू नये. गॅसचा गिझर बंद बाथरूममध्ये नको, त्याच्या विषारी वायूला वासही नसतो. गिझरच्या लाईनला गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. आणि घरात रांगतं मूल असेल तर टबात वीतभर पाणीसुद्धा ठेवून बाहेर येऊ नका.

साबण न लावता बसलात तर ते पाणी गार झाल्यावर जास्वंदीला, कढीपत्त्याला चालतं. मीठ घातलेलं असेल तर मात्र मोरीतच सोडावं.